न धुतलेलं कापड

ट्रॉयमधल्या आमच्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं होती. एका दाराआड आम्ही राहायचो, दुसऱ्याआड सृजना मावशी आणि हर्क काका. मधे चार पावलांचा कॉरिडॉर, त्यावर विटकरी रंगाचं कार्पेट. दोन्ही स्वयंपाकघरांचे वास त्या कॉरिडॉरमध्ये एकत्र यायचे, आणि कोणत्या घरात काय शिजतंय हे मला शाळेतून आल्यावर जिना चढतानाच कळायचं. आमच्याकडून मोहरी-हिंगाची फोडणी. त्यांच्याकडून मोहरीच्या तेलात पार काळे होईपर्यंत तळलेले मेथीचे दाणे. आईला तो वास आधी जळाल्याचा वाटला होता. नागपूरहून परदेशात येऊन आम्हाला जेमतेम आठवडा झाला होता, तेव्हा तिने समोरचं दार ठोठावून विचारलं होतं, "तुमचं काही लागलं का खाली?" सृजना मावशी कढई हातात घेऊनच दारात आल्या आणि म्हणाल्या, "नाही दीदी, आत्ता कुठे झालंय." ओळख तिथून झाली. पुढे जे घडलं त्याचं मूळही बहुधा त्याच सवयीत होतं. आईचा स्वतःच्या नाकावर पूर्ण विश्वास होता.

मोठी माणसं एकमेकांशी हिंदीत बोलायची. सृजना मावशींची हिंदी टीव्हीवरून शिकलेली, आईची नागपूरची, हर्क काकांची हॉस्टेलमधली. इथे सगळे संवाद मराठीत देते आहे. बऱ्याच वर्षांपूर्वीचे आहेत, पण थोडे आहेत, आणि आईने ते पुढे इतक्या वेळा सांगितले की फारसे बदलले असतील असं वाटत नाही.

सृजना मावशी नेपाळमधल्या पाटणच्या, नेवार समाजातल्या. तेव्हा नेपाळी जेवण म्हणजे एकच काहीतरी असतं असं आम्ही समजत होतो, आणि ते त्यांच्या हातचं होतं. उडदाच्या डाळीचा 'बारा' नावाचा जाडसर पदार्थ त्या तव्यावर थापायच्या. आई त्याला न तळलेला वडा म्हणायची. तांदळाच्या पिठाची चतांमरी पाहून आई म्हणाली, "हे तर धिरडंच आहे." थंडीत एका पौर्णिमेला त्यांनी योमरी केली. तांदळाच्या उकडीत तीळ-गूळ भरलेला, खाली निमुळतं टोक काढलेला गोळा. बाबांनी त्याचं नाव शेपटीचा मोदक ठेवलं आणि चार खाल्ले. सणाच्या दिवशी मोठ्या ताटात पोहे, वाटाण्याएवढे काळे सोयाबीन परतून, आलं, बटाट्याची भाजी, भाजलेलं मटण असं सगळं वेगवेगळ्या ढिगांत मांडलेलं असायचं. आम्ही मटण खात नव्हतो. मावशी आमच्या ताटात त्या जागी जास्तीचा बटाटा वाढायच्या आणि ढिगांची संख्या कमी पडू द्यायच्या नाहीत.

मी नववीत होते तेव्हा हर्क काकांची आई आली. नेपाळीत आईला आमा म्हणतात. आम्हीही सगळे तिला आमाच म्हणू लागलो. काका लिम्बू जमातीचे, नेपाळच्या पूर्वेकडच्या डोंगरातले. पाटण आणि त्यांचं गाव यांत किती अंतर आहे हे मी तेव्हा ॲटलासमध्ये बोटाने मोजलं होतं. ते दीड बोट भरलं. स्वयंपाकघरांतलं अंतर त्याहून जास्त होतं, हे आमा आल्यानंतर कळलं. तिचा नवरा आदल्या वर्षी गेला होता. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी. गावातलं घर बंद करून, एक बोचकं आणि एक सूटकेस घेऊन ती आली होती, परत न जाण्याच्या बेताने.

आणि ती जेवेना. म्हणजे ताटावर बसायची. सृजना मावशींनी केलेला बारा एकदा तोडायची, एक तुकडा तोंडात टाकायची, बाकीचा बोटांनी ताटाच्या कडेला सरकवायची. "पुग्यो," म्हणायची. पुरे. हा शब्द आम्हाला कोणी समजावून सांगावा लागला नाही. मावशींनी माहेरचं सगळं करून पाहिलं. भात, मसूर, बांबूच्या कोंबांची भाजी, मऊ खिचडी. पुग्यो. आमाने कधी तक्रार केली नाही. एका दुपारी मावशी आमच्याकडे चहाला बसल्या होत्या. कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "वाईट बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, दीदी. मीठ जास्त आहे म्हणा. तिखट म्हणा. काहीतरी म्हणा."

"दुखतं-बिखतं का काही?" आईने विचारलं.

"डॉक्टरने सगळ्या टेस्ट केल्या. काही नाही. वजन मात्र उतरतंय."

काकांनी महिनाभर वाट पाहिली आणि परतीचं तिकीट काढलं. त्यांच्या मते इथे उपाशी राहण्यापेक्षा तिथे एकटी राहिलेली बरी. मावशींना ते आपल्या स्वयंपाकावर दिलेल्या निकालासारखं वाटलं. तसं त्या म्हणाल्या नाहीत, पण त्या आठवड्यात कॉरिडॉरमध्ये मेथीचा वास आला नाही.

कोडं सुटलं ते काकांच्या बहिणीच्या फोनमुळे. तिने गावाकडून फोन केला, आईची चौकशी केली आणि सहज विचारलं, "किनेमा देता ना तिला?" फोन मावशींच्या हातात होता. किनेमा हा शब्द त्यांनी ऐकला होता, वस्तू पाहिली नव्हती. पूर्वेकडच्या लिम्बू घरांत सोयाबीन उकडून, जरा ठेचून, त्यावर लाकडाची राख भुरभुरवून, पानांत आणि कापडात गुंडाळून चुलीजवळ ठेवतात. दोन-तीन दिवसांत ते आंबतं. त्याची भाजी भातावर घेतात. आमाच्या घरी भातावर दुसरं काही असेल-नसेल, ते असायचंच. काकांना हे अर्थात माहीत होतं. मावशींनी त्यांना विचारलं, मग इतके दिवस बोलला का नाहीत? काका म्हणाले, काठमांडूच्या हॉस्टेलवर त्या वासावरून पोरं त्यांना चिडवायची. गावाहून आलेली पुडी त्यांनी एकदा नदीत टाकली होती. त्यानंतर त्यांनी त्याचं नाव घेतलं नव्हतं. आणि आमाने का मागितलं नाही? सुनेच्या घरात सासूने आपलं जेवण मागायचं नसतं, एवढंच काका म्हणाले.

मग मावशी किनेमाच्या मागे लागल्या. फोनवर नणंदेकडून कृती घेतली. राख कुठून आणायची हा प्रश्न होता, कारण अपार्टमेंटमध्ये चूल नसते. काकांनी ऑफिसमधल्या एकाच्या फायरप्लेसमधून कॉफीच्या डब्यात भरून आणली. पहिल्या खेपेला इंडियन स्टोअरमधली फ्रोझन केळीची पानं वापरली. सोयाबीनवर हिरवी बुरशी आली. दुसऱ्या खेपेला डबा हीटरला चिकटवून ठेवला. दाणे खडे झाले. तिसऱ्या खेपेला नणंदेने विचारलं, आईचं बोचकं ज्या कापडात बांधून पाठवलं होतं ते आहे का? ते होतं. जुनं, धुऊन विरलेलं सुती कापड, घरी किनेमा गुंडाळायला वापरायचे तेच. मावशींनी त्यात सोयाबीन गुंडाळलं, पातेल्यात ठेवलं, पातेलं ओव्हनमध्ये, आणि ओव्हन न लावता फक्त आतला दिवा चालू ठेवला. त्याची ऊब पुरते. आमा हे तिन्ही प्रयोग हॉलमधल्या खुर्चीतून पाहत होती.

तिकीट पुढच्या रविवारचं होतं.

त्याच्या नऊ दिवस आधी, शुक्रवारी दुपारी मावशी किल्ली घेऊन आमच्या दारात आल्या. काकांच्या एका नातलगाकडे, ओहायोला, आमाला जाण्याआधी भेटवायला न्यायचं होतं. रविवारी संध्याकाळी परत. आई बाहेर गेली होती. मी टेबलावर शाळेच्या वर्तमानपत्राची बातमी लिहीत होते, कॅफेटेरियातल्या नव्या रांगेबद्दलची. सोमवारी द्यायची होती. मावशींनी सांगितलं ते असं: किल्ली आईला दे, झाडांना उद्या पाणी घालायला सांग, आणि ओव्हन उघडू नका, आत किनेमा आहे. मी मान वर न करता म्हटलं, "ओके मावशी." आईला किल्ली दिली. झाडांचं सांगितलं. तिसरं वाक्य सांगितलं नाही. मुद्दाम नाही, मी ते ऐकलं होतं आणि ते माझ्यापर्यंत पोचलं नव्हतं. पुढे मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर बरीच वर्षं काढली, ते वर्तमानपत्र बंद पडेपर्यंत. तिथे चुकीच्या वाक्याची दुरुस्ती छापता येते. सुटलेल्या वाक्याची दुरुस्ती लिहायला जास्त अवघड जाते, हे मला तिथल्या पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

शनिवारी सकाळी आई पाणी घालायला गेली आणि अर्धा तास आली नाही. आली तेव्हा बाह्या वर केलेल्या, हात साबणाने लाल झालेले, आणि चेहऱ्यावर एखादं मोठं काम पार पाडल्याचं समाधान. हातात प्लॅस्टिकची गाठ मारलेली पिशवी.

"काय हाल होते बापा त्या घरात," ती बाबांना म्हणाली. "दार उघडलं नि नाकात भसकन वास. मी म्हटलं गॅस लीक होऊन राहिला का काय. हुंगत हुंगत गेले तर ओव्हन. उघडलं, तर सोयाबीन! भिजवून विसरली बिचारी. टेन्शनमध्ये आहे ना. पार बुळबुळीत झालेलं, तार सुटलेली. एक दाणा उचलला तर कोळ्याच्या जाळ्यासारखी तार, अशी हातभर."

"मग?" बाबा पेपर वाचत म्हणाले.

"मग काय. म्हातारं माणूस आहे घरात, खाल्लं असतं म्हणजे? सगळं खाली डम्पस्टरमध्ये टाकून आले. पातेलं घासलं, ओव्हन सोड्याने पुसला, खिडक्या उघडल्या. हे कापड मात्र चांगलं आहे, घेऊन आले. हे धू गं, वेगळं धू, गरम पाण्यात, ब्लीच घालून."

घरी मटकीला मोड आणणाऱ्या बाईला बुळबुळीत कडधान्य म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. ते टाकून द्यायचं असतं. आईच्या जागी आमच्या ओळखीतली कुठलीही मराठी बाई असती तरी तिने तेच केलं असतं. हे मला आज लिहिता येतं. तेव्हा मला फक्त मावशींचं तिसरं वाक्य ऐकू आलं, शब्दन् शब्द, आदल्या दिवशी ऐकू यायला हवं होतं तसं.

मी पिशवी घेतली. "ओके," म्हटलं. लॉन्ड्री खाली बेसमेंटमध्ये होती. मी खाली गेले नाही. पिशवी माझ्या खोलीच्या दारामागे ठेवली आणि पलंगावर बसून राहिले. ती उघडायचा धीर होत नव्हता. वासामुळेही आणि दुसऱ्या कारणामुळेही. रविवारी दुपारी आईने विचारलं, धुतलंस का, तेव्हा मी म्हटलं, करते. आई तोवर मावशींसाठी मटकीची उसळ करायच्या मागे होती. वाया गेलेल्या सोयाबीनची भरपाई.

ते परत आले तेव्हा बाहेर बर्फावर अजून उजेड होता. आई उसळीचं भांडं घेऊन निघाली आणि मला म्हणाली, चल, आमाला भेटून येऊ. त्यांच्या दारात पोचलो तेव्हा मावशी कोट न काढताच ओव्हनपुढे उभ्या होत्या. ओव्हनचं दार उघडं. आत स्वच्छ, रिकामी जाळी.

"अगं, मी सगळं साफ केलं," आई म्हणाली. "घाबरू नको, पूर्ण खराब झालं होतं."

मावशी ओव्हनसमोरच्या खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "ठीक आहे, दीदी. तुम्हाला माहीत नव्हतं." पुन्हा म्हणाल्या, "ठीक आहे." काकांनी आईला किनेमा काय असतं ते हळू आवाजात सांगितलं. आईने भांडं ओट्यावर ठेवलं.

तेव्हा आमा हॉलमधून काहीतरी म्हणाली. काकांनी वळून उत्तर दिलं. ती पुन्हा बोलली, जरा मोठ्याने.

"आमा विचारतेय," काका आईला म्हणाले, "वास कसा होता?"

आईने नजर खाली ठेवूनच सांगितलं, "काय सांगू. नाकात जाणारा. बाळाचे लंगोट भिजवून ठेवले ना बंद बादलीत, तसा."

काकांनी भाषांतर केलं. ते करताना ते थोडे अडखळले. आमा खुर्चीत पुढे सरकली.

"तार किती लांब होती म्हणते."

आईने दोन बोटांत दाणा धरल्यासारखं करून हात वर नेला, डोक्यापर्यंत.

"दाण्यावर पांढरं होतं का? की हिरवं?"

"पांढरं. पावडर लावल्यासारखं."

"दाबल्यावर?"

"लोणी."

आमा हसली. तोंडात दात कमी होते, आणि ते आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा दिसले. ती मावशींकडे बोट करून काहीतरी लांबलचक बोलली. काकांनी ते आईला सांगितलं. "म्हणते, सुनेचं बरोबर झालं होतं. तयार झालं होतं. आमाची स्वतःची सासू करायची तसंच."

मावशींनी डोळे पुसले आणि कोट काढला. म्हणाल्या, "आता काय उपयोग." आमाने त्यावर एकच शब्द विचारला. कापड?

"ते मी घेऊन गेले," आई म्हणाली. "धुवायला टाकलं. स्वच्छ करून—" आणि माझ्याकडे वळून, "धुतलंस ना?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी म्हटलं, "नाही."

"नाही म्हणजे? कालपासून एक काम सांगून राहिले मी हिला—"

"नाही धुतलं?" मावशी उठून उभ्या राहिल्या. "खरंच नाही धुतलं?"

मी समोर जाऊन दारामागची पिशवी घेऊन आले. मावशींनी गाठ सोडली, तसा तो वास खोलीभर झाला. आमाने कापड मांडीवर पसरलं, चिकट भाग नाकाशी नेला आणि तसाच घडी करून ठेवला. काका म्हणाले, ती म्हणते जे लागतं ते ह्याच्यातच असतं, सोयाबीन काय, दुकानात मिळतं. नंतर कळलं की हे शब्दशः खरं आहे. आंबवणारे जिवाणू कापडात महिनोन् महिने टिकून राहतात. ब्लीचमध्ये टिकले नसते.

तेवढ्यात मी ते सांगून टाकलं. मावशींनी मला शुक्रवारी सांगितलं होतं की ओव्हन उघडू नका. मी आईला सांगितलं नाही. विसरले. इंग्लिशमध्ये सांगितलं, कारण मराठीत जमलं नाही. मग आमाने काय झालं ते विचारलं, काकांनी सांगितलं, आणि ती काही म्हणाली. काका म्हणाले, "म्हणते, ही मुलगी काम करत नाही ते चांगलं आहे."

घरी आल्यावर मला बोलणी बसतील अशी माझी तयारी होती. आईने उसळीचं रिकामं भांडं सिंकमध्ये ठेवलं आणि पाठमोरी राहूनच म्हणाली, "तू सांगितलं असतं तरी मी उघडलं असतं. असा वास सुटल्यावर कोणी ठेवते का बापा?" हे खरं होतं की मला सोडवण्यासाठी म्हटलं होतं, याची खातरजमा मी केली नाही. विचारायला बरीच वर्षं होती.

या खेपेला आमा खुर्चीतून उठली. सोमवारी सकाळी ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसली आणि सुनेकडून उकडलेलं सोयाबीन मागून घेतलं. आमच्याकडून आईचा नागपूरचा खलबत्ता गेला. दाणा नुसता फुटला पाहिजे, पीठ नको. चिमूटभर राख. मग ते कापड. पातेलं ओव्हनमध्ये गेलं आणि मावशींनी दारावर कागद चिकटवला. नेपाळी आणि मराठी एकाच लिपीत लिहितात, पण मावशींनी धोका पत्करला नाही. कागदावर मोठी लाल फुली काढली. आईने खाली मराठीत लिहिलं: हात लावू नये. आणि स्वतःची सही केली.

मंगळवारी संध्याकाळी काकांनी आमचं दार वाजवलं. "आमा म्हणते, फेकणारीला बोलवा." आईचं हे नाव तेव्हापासून कायम झालं. आईला ओव्हनपुढे उभं करून हुंगायला लावलं.

"तोच आहे का?"

आईने डोळे मिटून वास घेतला. "नाही. त्यात अजून जोर होता."

आमाने मान डोलावली. तिलाही ते कळलं होतं, नक्कीच. पण तिला ते आईकडून ऐकायचं होतं. बुधवारी दुपारी पुन्हा बोलावणं आलं. मी शाळेतून येत होते. जिन्यातच तो वास आला आणि माझ्या लक्षात आलं की मी दोन-दोन पायऱ्या चढते आहे. आई दारात उभी होती, नाकाला पदर लावून. "हा," ती म्हणाली. "हाच. देवा रे."

मावशींनी कांदा, टोमॅटो, हळद आणि हिरव्या मिरचीवर किनेमा परतला. परतल्यावर वास बराच खाली बसतो. आमचीही ताटं मांडली होती. शेजारी बारा होता, नेहमीसारखा, कारण मावशींना सोयाबीनवर अजून पूर्ण भरवसा नव्हता. आईने एक घास खाल्ला, विचार केला आणि म्हणाली, "वाईट नाही." थोड्या वेळाने तिने अजून एक घास घेतला. काका भिंतीजवळ उभे होते, कॉर्डलेस फोन कानाला लावून. एअरलाइनने त्यांना होल्डवर ठेवलं होतं आणि फोनमधून बारीक बासरी वाजत होती. तिकिटाचं काही करायचं तर आजच करा, असं त्यांना ट्रॅव्हल एजंटने सांगितलं होतं. काय करायचं ते त्यांनी अजून ठरवलं नव्हतं. ते आमाच्या हाताकडे पाहत होते.

आमाने भात कालवला. तो तिने ताटाच्या कडेला सरकवला नाही. खाली मान घालून, न बोलता, ती शेवटच्या शितापर्यंत जेवली. मग ताट मावशींकडे पुढे केलं. मावशींनी भात वाढला, किनेमा वाढला आणि डाव धरून थांबल्या, ती पुग्यो म्हणेल म्हणून.

आमाने बाऱ्याकडे बोट केलं. "तोही दे," ती म्हणाली. हे समजायला कोणाला भाषांतर लागलं नाही.

तेवढ्यात बासरी थांबली. पलीकडून एका बाईने नाव विचारलं, नंबर विचारला, आणि तिकीट कॅन्सल करायचं कारण विचारलं. काकांनी टेबलाकडे पाहिलं.

"शी इज ईटिंग," ते म्हणाले.

तिकडे ते कितपत कळलं माहीत नाही. तिकीट कॅन्सल झालं.